तिसरी गाठ

आमच्या शेडमध्ये समुद्र यायचा
तो लाइट गेल्यावरच.
मे महिना, दुपारचे दोन, तापलेल्या पत्र्याखाली
चोवीस माग खटखटत असायचे,
आणि एकदम काहीच नाही.
कानात आपलंच रक्त ऐकू यायचं.

मग मल्लेशम जॉबर ग्रीसचे हात लुंगीला पुसून
कोनाड्यातून पुस्तक काढायचा.
नाव नसलेलं, पहिली अकरा पानं वाळवीनं नेलेली.
त्यामुळे गोष्ट आम्हाला बाराव्या पानापासून ठाऊक:
शिडांचं जहाज, उत्तरेकडचं गार पाणी,
फ्रान्सशी कधीपासून चाललेली लढाई,
पगार थकलेला एक कोवळा अधिकारी
आणि धुक्यातलं बेट, जिथं झाड म्हणून नाही.

'झाड नाही तर चूल कशावर?' राजव्वानं विचारलं.
मल्लेशमनं चष्म्यावरून पाहिलं.
'चिखल वाळवून जाळतात, लिहिलंय.'
'गोवरीगत. मग बरोबर,' ती म्हणाली,
आणि कथेला पुढं जायची परवानगी मिळाली.

मी तेव्हा कांड्या भरायची, नववी नापास.
समुद्र म्हणजे मला कंबर तलाव,
फक्त पलीकडचा काठ पुसलेला.
जहाज कळायचं धोट्यावरून:
दोन्हीकडं टोकदार, पोटात सूत,
जन्मभर जाऊन-येऊन
पोचायचं तीन हातांवर.

त्या बेटावर एक म्हातारी वारा विकायची.
खलाशांना दोरी द्यायची तीन गाठी मारून.
पहिली सोडली की झुळूक.
दुसरी सोडली की शिडं फुगतात, जहाज पळतं.
तिसरी सोडायची नाही.
का, ते तिनं सांगितलं नाही.
पैसे मात्र मोजून घेतले.

शेडमध्ये कुणी हसलं नाही.
आमच्यात नवरा गळ्यात तीन गाठी मारतो,
मूडु मुळ्ळु म्हणतात तेलुगूत,
बायकांचे हात आपोआप मानेकडं गेले.
राजव्वाचा गेला नाही.
तिचा माणूस लग्नाच्या चौथ्या वर्षी भिवंडीला गेलेला,
तिथं खाडी आहे म्हणे.
आधी मनीऑर्डर थांबली, मग पत्रं.
ती अंधारातच तुटलेलं सूत सांधत होती, बोटांच्या अंदाजानं.
मान वर न करता म्हणाली,
'तिसरी माझी मीच सोडली की बे, मल्लेशम.
काय वादळबिदळ आलं नाही.
मान हलकी झाली, एवढंच.'

तेवढ्यात लाइट आली.
चोवीस माग एकदम उठले,
पत्रा थरथरला, रुईचा भुगा हवेत उडाला.
मल्लेशम पान दुमडत काहीतरी म्हणाला,
ओठ हललेले दिसले फक्त.

पुढं भारनियमन संपलं. हप्ता वाढला, सगळे खूश.
जहाज एकशे चाळिसाव्या पानावर उभं राहिलं,
अधिकाऱ्याचा हात तिसऱ्या गाठीवर,
सहा वर्षं.
मग बिनधोट्याचे माग आले, हवेच्या फुंकरीनं सूत फेकणारे.
मालकानं वारा विकत आणला
आणि आमचे माग किलोवर भंगारात घातले.
मल्लेशम दम्यानं गेला.
पुस्तक त्याच्या मुलानं माझ्याकडं टाकलं,
रद्दीवाला घेईना म्हणून.

परवा वाचून काढलं, पंख्याखाली, एका बैठकीत.
शेवट साधाच आहे. तह होतो.
अधिकाऱ्याला काकाची इस्टेट मिळते,
लग्न करतो, बागेत गुलाब लावतो.
तिसरी गाठ पुन्हा येतच नाही.
मी पानांचे आकडे दोनदा तपासले,
शेवटी एकही गहाळ नाही.
लेखक विसरला.

सांगायला राजव्वाकडं गेले, विडी घरकुलात.
आता ती विड्या वळते, दिवसाला सातशे,
प्रत्येकीला लाल दोरा.
मांडीवरचं सूप न हलवता तिनं सगळं ऐकलं,
गुलाबसुद्धा.
'विसरला नसेल गं,' ती म्हणाली.
'लाइट आली असेल त्याची.'